सगळ्यांना आठ नंबर

जळकोटच्या महादेवीला कशालाच चांगलं म्हणता येत नाही, असं तिची आई, म्हणजे अव्वा, शेजारणींना सांगायची. भाजी जमली तर पोरगी मुकाट जेवते, बिघडली तर बोलते. बापाला, कल्याणप्पांना, यात काही वावगं वाटायचं नाही. घरात एक तरी माणूस तोंडावर बोलणारं असावं, फक्त पाहुण्यांसमोर नको, एवढंच त्यांचं म्हणणं. पण महादेवीला नेमके पाहुणेच सापडायचे. तिला बघायला आलेल्या एका मुलानं आपला छंद वाचन असल्याचं सांगितलं, तेव्हा शेवटचं काय वाचलं ते तिनं विचारलं, आणि तो आठवत बसला तेवढ्यात त्याच्या पुढ्यातली पोह्यांची ताटली उचलून आत नेली. ते स्थळ परत आलं नाही. तिनंही वाट बघितली नाही.

तिला पळता मात्र छान यायचं. शाळेत ती अनवाणीच पळाली. तिचं पाऊल पुढून फताडं आणि टाचेला निमुळतं, त्यामुळं कुठलाही बूट करंगळीला चावायचा आणि मागून निसटायचा. सोलापूरच्या दुकानदारानं एकदा सांगितलं, "ताई, वापरून वापरून सैल होतात." तिनं विचारलं, "तोवर पाय कुणाचा वापरू?" शेवटी तिनं आपला तोडगा काढला. नवे बूट आणायचे आणि करंगळीजवळ ब्लेडनं चीर पाडायची. अशा चिरलेल्या बुटांवर तिनं पोलीस भरतीची दोन मैदानं दिली, आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिली.

तेव्हा ती धाराशिवला खोली घेऊन राहायची. खोलीत दुसरी होती परंड्याची मदिहा. हीसुद्धा भरतीचीच. मदिहाला कशाचंही हसू यायचं आणि महादेवीला कशाचंही येत नसे, म्हणून दोघींचं बरं जमलं.

त्या हिवाळ्यात मैदानावर कृष्णराज सर उगवले. त्यांच्या ट्रॅकसूटच्या पाठीवर 'इंडिया' लिहिलेलं होतं. असा ट्रॅकसूट सोलापुरात पैसे देणाऱ्या कुणालाही मिळतो, हे महादेवीला ठाऊक होतं. सरांनी याआधी दोन-तीन खेळांची मंडळं काढून बुडवली होती. आता त्यांनी जिल्हा हिमक्रीडा विकास मंडळ काढलं होतं. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात, तिथं हे गृहस्थ स्कीइंग, म्हणजे पायाला फळ्या लावून बर्फावरून घसरायचा खेळ, वाढवणार होते. अध्यक्ष तेच, प्रशिक्षकही तेच. बर्फ त्यांनी रसवंतीत पाहिला होता.

"आपल्या जिल्ह्यात हा खेळ कुणीच खेळत न्हाय," सर मुलींना म्हणाले. "म्हणजे स्पर्धाच न्हाय. थेट राष्ट्रीय. एक प्रमाणपत्र हाती आलं की खेळाडूंच्या कोट्यातनं वर्दी अंगावर."

"कुणी खेळत न्हाय त्याला खेळ म्हणायचं का?" महादेवीनं विचारलं.

सर तोंडभर हसले. अवघड प्रश्नाला ते नेहमी तसंच हसायचे.

स्पर्धा काश्मीरात, गुलमर्गला होती. महादेवी जाणार नव्हती. पण मदिहाला बर्फ बघायचा होता, आणि तिची अम्मी नसीमबी हिनं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "महादेवी जा रही है तो जा, नहीं तो नक्को." नसीमबीचा सरांवर विश्वास नव्हता, महादेवीच्या जिभेवर होता. मदिहा दोन दिवस हसली नाही, तेव्हा महादेवी म्हणाली, "चल बाई. पण तिथं जाऊन बर्फ बघून झाला की रडायचं न्हाई."

सराव सुरू झाला तो गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगच्या डांबरी रस्त्यावर. पायात चाकाचे स्केट, हातात वेळूच्या काठ्या. कुत्री मागं लागायची. उसाचे ट्रॅक्टर थांबून बघायचे. एका म्हाताऱ्यानं सायकलवरून उतरून मदिहाला विचारलं, "लेकी, दोन्ही पायाला लागलं व्हय गं? लई वाईट झालं." मदिहा हसून हसून रस्त्याकडेच्या खडीवर बसली. सर तिकडं मोबाइलवर व्हिडिओ काढत होते आणि त्यात बोलत होते, "मराठवाड्याच्या मातीतल्या हिमकन्या."

निघायच्या आधी सरांनी ट्रॅकसूट वाटले. फ्री साइज. महादेवीच्या बाह्या हाताच्या बाहेर लोंबत होत्या, एका उंच पोरीचं मनगट उघडं राहिलं. बुटांची मापं कधी घेणार, असं महादेवीनं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "त्याचं बुकिंग झालं फोनवर. सगळ्यांना आठ नंबर."

"मला पाच लागतो."

"बारक्या पायाला मोठा बूट बसतो, मोठ्या पायाला बारका बसत न्हाय. म्हणून आठ. विचार करूनच केलंय."

एवढा विचार सरांनी पहिल्यांदाच केला असावा. महादेवीनं मदिहाकडं बघितलं. मदिहा दुसरीकडं बघायला लागली.

गुलमर्गला पोचायला रेल्वे, मग गाडी, मग चाकांना साखळ्या बांधलेली जीप असं करत जावं लागलं. बर्फ आला तशी मदिहा खिडकीला चिकटली. महादेवीनं दार उघडून पाय खाली टेकवला, वाकून मूठभर उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "डीप फ्रीजरसारखा वास येतोय." पण तिनं ती मूठ लगेच टाकली नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट आले. हॉटेलच्या अंगणात पोत्यातून ओतल्यासारखे ते पडले होते. स्कीइंगचा बूट म्हणजे घोट्याच्या बराच वर येणारं जाड प्लॅस्टिकचं कवच, आत मऊ अस्तराचा वेगळा बूट, आणि पुढं एकाखाली एक चार लोखंडी खटके. महादेवीनं पाय घातला आणि तो आत कुठं तरी हरवला. टाच उचलली की पाय वर यायचा, बूट जमिनीवरच.

"मोजे चढवा," सर म्हणाले. "एकावर एक तीन. लोकरीचे. मग खटके आवळा."

मोजे चढवले. खटके आवळले. एवढं आवळूनही टाच उचलतच होती, आणि वरून पाय मात्र शिकंज्यात धरल्यासारखा झाला. मुली मैदानापर्यंत चालत गेल्या ते पाण्याची घागर गुडघ्यात धरून चालावं तशा. उतार अगदी सौम्य होता, तिथल्या शेंबड्या पोरांनी वापरायचा. महादेवीनं फळ्या बुटांना अडकवल्या आणि वळायचं म्हणून पाय वळवला. पाय आत वळला. बूट सरळच राहिला, फळीही सरळ राहिली, आणि त्या दोघांच्या मर्जीनं महादेवी एका तंबूच्या दोरीत जाऊन पडली. उठली, पुन्हा पडली. नडगीचं हाड बुटाच्या कडेवर आपटत होतं. दुपारपर्यंत तळव्यात गोळे आले आणि बोटं आहेत की नाहीत ते कळेना. मदिहा तर बर्फात बसूनच राहिली. तिला रडू येत होतं, आणि रडायचं नाही असं ठरलेलं होतं म्हणून ती नाक पुसत होती.

सर उतारावर आले नव्हते. ते हॉटेलात शेगडीजवळ बसून दुसऱ्या राज्यांच्या प्रशिक्षकांना मराठवाड्यातल्या जिद्दीबद्दल सांगत होते. संध्याकाळी त्यांनी मुलींना समोर बसवलं.

"खेळाडूला वेदना सहन कराव्या लागतात. बूट पायाला चावणारच. पायानं बुटाची सवय करून घ्यायची."

महादेवीच्या नडगीवर तेव्हा वांग्याच्या रंगाचा डाग उमटला होता. ती उठली, आपले आणि मदिहाचे बूट दोन्ही काखांत धरले, मदिहाला म्हणाली, "ऊठ," आणि बाहेर पडली. सरांनी मागून काही विचारलं. तिनं ते ऐकलं नाही, म्हणजे ऐकून सोडून दिलं.

भाड्यानं बूट देणारं दुकान उताराच्या पायथ्याशी होतं. आत ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास. दुकानदार फिरन, तिथला लोकरीचा पायघोळ झगा, अंगावर घेऊन वैतागलेला बसला होता, आणि तिथल्याच एका संघाची एक मुलगी आपल्या फळ्यांना मेण घासत होती. महादेवीनं बाकावर बसून एक मोजा काढला. मग दुसरा. मग तिसरा. ती मुलगी हात थांबवून बघत होती. तिसरा मोजा निघाल्यावर ती फिसकन हसली.

"महाराष्ट्र?" तिनं हिंदीत विचारलं. "दरसाल तुमच्याकडची एक गाडी येते. तीन-तीन मोजे घालून येते, रडत जाते, आणि जाताना मेडल घेऊन फोटो काढते."

महादेवीला असं कुणी बोललेलं नव्हतं. बोलायचं काम आजवर तिचं. तिच्या तोंडात उत्तर आलं, आणि मग लक्षात आलं की ही पोरगी बोलली त्यातला शब्दही खोटा नाही. आपणही तिच्या जागी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

"मेडल नको," ती म्हणाली. "बूट कसा घालायचा ते सांग. नीट सांगणार असशील तर."

"नीटच सांगेन. तुला राग येईल."

"येऊ दे."

ती मुलगी उठली. तिनं बुटातून अस्तर उपसून बाजूला टाकलं आणि नुसत्या कवचात महादेवीला पाय ठेवायला लावला. बोटं पुढं टेकवायला सांगितली, मग टाचेच्या मागं हात घातला. तिचा अख्खा पंजा आत गेला. तिनं तो दुकानदाराला दाखवला.

"दोन बोटं बसायला हवीत. यात आम्ही जेवायला बसू."

दुकानदार चिडला. "त्यांच्या सरांनीच आठ नंबर लिहायला सांगितला. मी काय सगळ्यांचे पाय बघत बसू?"

"व्हय, बघायचे," महादेवी मराठीतच म्हणाली. "दुकान कशाचं घातलंय?"

शब्द त्याला कळले नाहीत, पण तो उठला. त्यानं तळव्याखाली पट्टी धरून सेंटिमीटरमध्ये माप घेतलं. त्या बुटांवर माप तसंच लिहिलेलं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मदिहाला दुसऱ्या जोडातच बूट बसला. महादेवीचा लांबीला बसला, पण करंगळीपाशी नेहमीचा चिमटा. तिनं सवयीनं विचारलं, ब्लेड आहे का.

ती मुलगी आता पोट धरून हसली. "प्लॅस्टिक कापणार? थांब. कुठं दुखतंय तिथं बोट ठेव."

दुकानदारानं त्या जागी खडूनं खूण केली. मग गरम हवेच्या बंदुकीनं कवच तेवढ्या जागी तापवलं, आतून लोखंडी गोळा लावून बाहेर दाबलं आणि रात्रभर तसंच ठेवणार म्हणाला. "सकाळी या. आणि मोजा एकच. पातळ."

"थंडी वाजेल ना," मदिहा म्हणाली.

"तीन मोज्यांनी रक्त अडतं, मग थंडी वाजते," ती मुलगी म्हणाली. "एवढंसुद्धा तुमच्या सरांना ठाऊक नाही?"

"त्यांना पुष्कळ ठाऊक न्हाई," महादेवी म्हणाली. "बसून सांगायचं तर जेवायची वेळ होईल."

सकाळी महादेवीनं एक पातळ मोजा घातला, त्याची सुरकुती अंगठ्यानं काढली, पाय आत सरकवला. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागं नेली. आधी घोट्यावरचा खटका लावला, मग वरचा. पावलावरचे दोन नुसते टेकवले. उभी राहिली तेव्हा बोटं पुढं टेकली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"गुडघा वाकव," मुलगी म्हणाली.

गुडघा वाकवला तशी बोटं आपोआप मागं आली. टाच जागची हलली नाही. करंगळीपाशी जागा होती. महादेवी तिथंच बाकाजवळ गुडघा वाकवत आणि सरळ करत राहिली. मोठी झाल्यापासून पायात काही घातलं आणि ते घातल्याचं विसरायला झालं, असं तिला आठवत नव्हतं.

"कसं वाटतंय?" मदिहानं विचारलं.

"ठीक," महादेवी म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकून मदिहा तिच्याकडं बघतच राहिली.

त्या दिवशी महादेवी उतारावरून न पडता खाली आली. पाय वळला तसा बूट वळला, बूट वळला तशी फळी. पुन्हा वर गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा आल्यावर म्हणाली, "वर चढायचं, खाली घसरायचं, परत वर चढायचं. एवढंच आहे हे." पण ती अंधारून येईपर्यंत एवढंच करत राहिली. मदिहा तर तिच्याही नंतर थांबली.

सरांना हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याला. दुकानदारानं बदललेल्या जोडांचा हिशेब त्यांच्याकडं मागितला होता. ते भरल्या खोलीत महादेवीवर घसरले.

"मला न विचारता? आठ नंबरला काय धाड भरली होती? बाकीच्या मुली घालतायतच ना. तुझेच पाय लई नाजूक."

बाकीच्या मुली चपातीकडं बघत होत्या. त्यांच्यातली एकही सकाळपासून नीट चालली नव्हती.

"तुम्ही घाला ना सर," महादेवी म्हणाली. "आठ नंबर सगळ्यांना बसतो म्हणालात. आम्ही व्हिडिओ काढतो."

दुसऱ्या राज्यांचे प्रशिक्षक मान वर करून बघायला लागले. कोणी तरी हसलं. सरांना माघार घेता येईना. त्यांचा स्वतःचा नंबर दहा होता, आणि ही गोष्ट त्यांना पाय बुटात अर्धा गेल्यावर आठवली असावी. पण मदिहानं मोबाइल धरला होता. सरांनी ओठ आवळले, टेबलाला धरून पाय दाबला, चेहरा लाल झाला, आणि कसाबसा पाय आत गेला. दुसराही गेला. "बघा," ते म्हणाले, "जिद्द पाहिजे," आणि बाहेर उतारावर जाऊन उभे राहिले. फळ्या काही त्यांनी लावल्या नाहीत. काठ्या हातात घेऊन ते मोबाइलकडं बघून मराठवाड्याच्या मातीबद्दल बोलत राहिले. बोलता बोलता आवाज बारीक होत गेला. मग ते बर्फात बसले.

"काढा," ते म्हणाले. "लवकर काढा."

खटके उघडले, तरी बूट निघेना. थंडीत ते प्लॅस्टिक दगडासारखं होतं. दोन मुलींनी ओढलं तसे सरच बर्फावरून ओढले गेले. शेवटी त्यांना बर्फातून सामान ओढायच्या गाडीवर बसवून हॉटेलात आणावं लागलं. वाटेत तिथल्या पोरांनी हात हलवले. सरांनी सवयीनं त्यांना हात हलवून दाखवला.

शेगडीजवळ बूट शेकत ठेवले, म्हणजे सरांसकट ठेवले. कवच मऊ झाल्यावर महादेवीनं दोन्ही हातांनी त्याची तोंडं फाकवली, एका प्रशिक्षकानं टाच धरली, आणि पाय सुटला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. सर डोळे मिटून म्हणाले, "आई गं."

"सवय होईल," महादेवी म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्या दुपारी बाकीच्या मुलींचेही बूट बदलून झाले. कुणी सरांना विचारलं नाही. स्पर्धा झाली. महादेवी बरीच मागं आली, पण स्वतःच्या पायांवर खाली आली. मदिहा तिच्या पुढं आली आणि तिथंच उड्या मारायला लागली. शेवटी आयोजकांनी सगळ्यांनाच गळ्यात काही ना काही अडकवलं. महादेवीनं फोटोच्या वेळी ते काढून खिशात ठेवलं. हा खेळ आणि त्याचं प्रमाणपत्र भरतीच्या कोट्यात कुठंच धरलं जात नाही, हे तिनं आधीच नियम वाचून पाहिलं होतं. सरांना ते ठाऊक होतं की नाही, यावर तिचं आणि मदिहाचं परतीच्या गाडीत भांडण झालं. मदिहाचं म्हणणं, बिचाऱ्याला ठाऊक नसेल. महादेवी म्हणाली, ठाऊक नसणं हा त्यांचा धंदाच आहे.

धाराशिवला सत्कार झाला. सर काठी टेकत व्यासपीठावर चढले आणि एका विद्यार्थिनीला हिमदरीतून वाचवताना पायाला हिमदंश झाल्याचं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती विद्यार्थिनी म्हणून त्यांनी महादेवीलाच बोलायला बोलावलं. एवढ्या ओळखीनंतरही माणूस असं करू शकतो, याचं तिला नवल वाटलं.

ती माईकपाशी गेली. "सरांचा नंबर दहा आहे," ती म्हणाली. "त्यांनी आठचा बूट घातला. तो अडकला. शेगडीवर शेकून काढावा लागला. दरी तिथं नव्हती." आणि खाली येऊन बसली. मागच्या खुर्च्यांवरून हसू फुटलं आणि ते पुढच्या रांगेपर्यंत आलं. सरही हसले, नेहमीसारखे, तोंडभर.

पुढच्या भरतीत ती मैदानावर आणि लेखीतही निघाली आणि कुठल्याही कोट्याशिवाय पोलीस झाली. मदिहानं भरतीचा नाद सोडला. घरच्यांशी वर्षभर भांडून ती गुलमर्गला स्कीइंगचा शिक्षणक्रम करायला गेली आणि आता हिवाळाभर तिकडंच नवख्या लोकांना शिकवते. महादेवीला ती बोलावते. महादेवी म्हणते, घसरायला एवढ्या लांब कशाला येऊ.

गेल्या नवरात्रात महादेवीचा बंदोबस्त तुळजापूरला होता. भवानीच्या दर्शनाची रांग पार खालच्या रस्त्यापर्यंत गेली होती, आणि ती लोखंडी कठड्यापाशी उभी होती. गर्दीतून वाट काढत कृष्णराज सर आले, मागं चार-पाच पाहुणे. आता त्यांच्या ट्रॅकसूटवर दुसऱ्याच खेळाचं नाव होतं. पाहुण्यांना ते सांगत होते, "काळजी करू नका. इथं आपलीच पोरगी आहे. मीच घडवली." आणि कठड्याला हात लावून तिला म्हणाले, "महादेवी, जरा सोड बरं. व्हीआयपी आहेत."

महादेवीनं त्यांच्याकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं.

"रांग तिकडून आहे सर."

"अगं, ओळखलं न्हाय का मला?"

"ओळखलं की," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. तिकडून."

पाहुण्यांतला एक जण विचारत होता, कोणता खेळ शिकवला हिला. सर त्याला काही तरी सांगत उताराच्या दिशेनं चालायला लागले. महादेवी तोवर एका म्हातारीचं हरवलेलं गाठोडं शोधून देत होती आणि ते नीट न बांधल्याबद्दल तिला बोलत होती.